मदत हवी आहे: प्रेसमधल्या २००१च्या पी-४ची रॅम नागपुरात कुठे मिळेल?

इतवारीकर

नमस्कार मंडळी. इतवारीत आमची छोटी प्रेस आहे. पत्रिका, बिलबुकं, लेटरहेड, निवडणुका आल्या की पत्रकं. बाबांनी २००१च्या दिवाळीत डीटीपीसाठी (संगणकावर मजकूर जुळवायला) पेंटियम-४ घेतला होता. हसू नका, तो मागच्या पंधरवड्यापर्यंत चालत होता. त्यात एक जुनं मराठी डीटीपी सॉफ्टवेअर आहे, प्रिंटरच्या पोर्टला डाँगल (सॉफ्टवेअरची किल्ली असलेला छोटा प्लग) लावल्याशिवाय उघडत नाही. युनिकोडच्या आधीचे फाँट. "थोरल्याची पत्रिका होती तशीच धाकटीची करून द्या" म्हणत गिऱ्हाईक येतं, तेव्हा ती फाइल त्याच मशीनवर उघडते, बाकी कुठेच नाही.

मे महिन्यात मशीन अधूनमधून अडकू लागलं. पंचेचाळीस डिग्रीत माणूस अडकतो, तिथे मशीनचं काय. बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) एका टेक्निशियनला बोलावलं. त्याने उघडून ब्लोअर मारला, सगळं काढून पुसलं, परत लावलं. तेव्हापासून डिस्प्ले नाही, नुसती बीप. तो म्हणाला रॅम गेली. बदलून द्या म्हटलं तर म्हणे, "भैया, ऐसी रॅम तो मैंने देखीच नहीं." नंतर बर्डीवरची चार दुकानं फिरलो. एकाने डीडीआर१ची पट्टी काढून दिली, ती सॉकेटात बसतच नाही. पिना मात्र दोन्हीकडे १८४, मी मोजल्या.

आमच्या पट्टीवर दोन्ही बाजूंनी पत्र्याचं कव्हर आहे. लेबलवर १२८एमबी/८ आणि ८००-४५ लिहिलंय. अशा दोन आहेत. नागपुरात कुणाकडे मिळेल? ही अशी वेगळी रॅम काढलीच कशाला होती, हेही कुणी सांगितलं तर बरं.

तर्रीवाला

अबे भाऊ, पंचवीस वर्षांचं मशीन हाय ते. पेन्शन दे न त्याले. एक्सपी व्हर्च्युअल मशीनमध्ये टाक, मोकळा हो.

इतवारीकर

टाकून पाहिलं, डाँगल ओळखत नाही. सॉफ्टवेअरवाली कंपनी कधीच बंद झाली, त्यामुळे विचारायचं तरी कुणाला.

सोल्डरगन

ही आरडीआरॅम. रॅम्बस या अमेरिकन कंपनीची. ९९ ते २००३ मी बर्डीवर असेंबलिंग करायचो, असल्या पट्ट्या हाताखालून गेल्या आहेत, मोजक्याच, कारण भाव ऐकून गिऱ्हाईक उठून जायचं. दुकानं फिरण्याआधी एक सांगा. बोर्डावर रॅमची सॉकेटं किती? आणि टेक्निशियन यायच्या आधी त्यातली किती भरलेली होती?

इतवारीकर

सॉकेटं चार. बाबा म्हणतात चारही भरलेली होती, पण दोन पट्ट्या "खोट्या" होत्या. नुसती हिरवी कार्डं, एकही चिप नाही. टेक्निशियनने त्या काढून काउंटरवर ठेवल्या. यात काहीच नाही, उगाच धूळ धरते म्हणाला. आम्हालाही ते पटलं.

सोल्डरगन

मग तुमची रॅम गेलेली नाही. त्या दोन खोट्या पट्ट्या शोधा. आजच शोधा, त्याआधी एक रुपया खर्च करू नका.

साध्या एसडीरॅममध्ये किंवा डीडीआरमध्ये सॉकेट रिकामं ठेवलं तरी बिघडत नाही. आरडीआरॅमची गोष्ट वेगळी. तिथे सिग्नल कंट्रोलरपासून निघतो, पहिल्या पट्टीतून आत शिरून बाहेर पडतो, मग पुढच्या पट्टीतून, असं करत बोर्डाच्या टोकाच्या टर्मिनेशनपर्यंत (सिग्नल जिथे संपतो तिथपर्यंत) जातो. मधलं सॉकेट रिकामं राहिलं की वाटच तुटली. म्हणून रिकाम्या जागी चिप नसलेली, नुसत्या तारा आरपार नेणारी पट्टी लावायची. तिला सीरिम म्हणायचे. आम्ही दुकानात तिला "पूल" म्हणायचो. पुलावर कुणी राहत नाही, म्हणून तो पाडून टाकला, असं झालंय तुमच्याकडे.

त्या पोराला शिव्या देऊ नका. त्याच्या जन्माच्या सुमाराचा माल आहे हा.

पारिजात

पण असली नाजूक रचना मुळात कुणी आणि का स्वीकारली? मी व्हीएनआयटीत (नागपूरच्या इंजिनीअरिंग कॉलेजात) होते तेव्हा मेमरीच्या तासाला हे नाव एका ओळीत उरकलं होतं.

सोल्डरगन

थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

तेव्हाची पीसी१३३ एसडीरॅम ६४ बिट रुंदीची, सेकंदाला साधारण १ जीबी नेणारी. रॅम्बसवाल्यांचं म्हणणं असं की रस्ता अरुंद करा, १६ बिटचाच, पण गाड्या प्रचंड वेगाने सोडा. पीसी८०० पट्टी एका चॅनलवर १.६ जीबी न्यायची. पेंटियम-४ला बसकडून (प्रोसेसरच्या डेटाच्या रस्त्यावरून) ३.२ जीबी हवे होते. इंटेलच्या ८५० चिपसेटमध्ये (प्रोसेसर आणि मेमरी जोडणाऱ्या बोर्डावरच्या चिपा) दोन चॅनल, बरोब्बर ३.२. कागदावर जोडा झकास जमतो. म्हणून पट्ट्याही जोडीनेच लावाव्या लागतात. तुमच्या लेबलवरचा ८ म्हणजे आठ चिपा आणि ४५ म्हणजे नॅनोसेकंद. पुढेमागे बदलायची वेळ आलीच तर जोडीतल्या दोन्ही सारख्याच घ्या.

इंटेलने रॅम्बसशी करार केला १९९६ला. हे तंत्र रॅम्बसचं, चिपा बनवणार सॅमसंगसारखे कारखाने, आणि दर चिपमागे रॅम्बसला रॉयल्टी. मेमरीवाल्यांना ते आवडलं नाही हे सांगायला नको. शिवाय चिप मोठी, तापणारी, टेस्टिंग महाग. पट्टीवरचा पत्रा शोभेचा नाही, उष्णता पसरवायचा आहे. मग अडचणींची रांग लागली. १९९९च्या सप्टेंबरात ८२० चिपसेट अगदी बाजारात येता येता अडला, कारण तीन सॉकेटांच्या बोर्डावर चुका होत होत्या. शेवटी तो नोव्हेंबरात दोन सॉकेटांवर आला. स्वस्त एसडीरॅम चालावी म्हणून मध्ये एक दुभाषी चिप घातली, तर तिच्यातच दोष निघाला, आणि मे २०००मध्ये तसले बोर्ड परत बोलवावे लागले.

दुसरीकडे व्हिया ही तैवानची कंपनी पीसी१३३चे चिपसेट विकत होती, आणि इंटेलची स्पर्धक एएमडीने २०००च्या ऑक्टोबरात ७६० चिपसेटवर डीडीआर आणली. डीडीआरचं मानक जेडेक या उद्योगसंस्थेचं, सगळे कारखाने ती बनवू शकत होते. गंमत म्हणजे इंटेलचे तेव्हाचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी त्याच ऑक्टोबरात उघड मान्य केलं होतं की आपल्या कामगिरीची नाडी दुसऱ्या कंपनीच्या हाती देणं चूक झाली. आणि पेंटियम-४ नोव्हेंबरात आला तो आरडीआरॅमच घेऊन! सुरुवातीला प्रोसेसरच्या डब्यात ६४ एमबीच्या दोन पट्ट्या सोबत द्यायचे, नाहीतर घेणार कोण. पुढे सप्टेंबर २००१मध्ये एसडीरॅमचा ८४५ आला, काही महिन्यांत त्याचीच डीडीआर आवृत्ती आली. २००३ला डबल चॅनल डीडीआर४०० ने ६.४ जीबी गाठले आणि पीसीतली आरडीआरॅम संपली. प्लेस्टेशन-२ मध्ये तेवढी ती चालत राहिली.

इतवारीकर

बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, २००१च्या दिवाळीत डीलर म्हणाला होता, काका, थोडं थांबलात तर स्वस्त मॉडेल येईल, पण फास्ट हवं तर हेच. त्या रॅमच्या पैशात दुसरा लेझर प्रिंटर आला असता, असं ते अजून म्हणतात.

अजनी_लोको

रॅम्बसला एकटीलाच दोष देऊ नका राजेहो. ती जेडेकमध्ये बसून मानकं ठरताना ऐकत होती आणि तिकडे पेटंटं तयार करत होती, हा आरोप वर्षानुवर्षं कोर्टात गाजला. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तिच्याविरुद्ध निकाल दिला, पण तो २००८ला अपील कोर्टात उलटला. आणि समोरचे मेमरीवाले? १९९९ ते २००२ या काळात आपसात डीरॅमचे (रॅमच्या चिपांचे) भाव ठरवल्याचं कबूल करून सॅमसंगने ३० कोटी डॉलर दंड भरला, हायनिक्सने १८.५ कोटी, इन्फिनियनने १६ कोटी. इकडे आपण बर्डीवर शंभर-दोनशेसाठी घासाघीस करून राहिलो होतो.

तर्रीवाला

म्हंजे दोन्हीकडून गिऱ्हाइकच भरडला. काकाले सांगा, प्रिंटरचे पैसे कुठं गेले ते समजलं.

इतवारीकर

अपडेट. एक पट्टी गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये सापडली, रबर स्टँपच्या डब्याखाली. दुसरी सापडेना. दोन तास शोधलं. शेवटी बाइंडिंगच्या टेबलावर दिसली. आमचे काका बिलबुकाच्या पाठीला तिने खळ पसरवत होते! म्हणे, रुंदीला अगदी बरोबर आहे, पुठ्ठ्यासारखी वाकत नाही. सोनेरी पिनांच्या अर्ध्या बाजूवर खळ वाळून बसली आहे. आता काय?

सोल्डरगन

:-) पंचवीस वर्षांत सीरिमचा हा पहिलाच उपयोग ऐकला.

खळ पाण्यात विरघळणारी असेल तर कोमट पाण्यात कापड ओलं करून आधी ती मऊ करा. खरवडू नका. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश. कार्डावर चिप नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, फक्त पूर्ण वाळू द्या, एक रात्र. मग बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये बँक ० ची दोन सॉकेटं कोणती ते पाहा, खऱ्या पट्ट्या तिथे, उरलेल्या दोन जागी पूल. दोन्ही बाजूंच्या क्लिपा "टक्" वाजल्या पाहिजेत. मेन स्विच बंद करून, वायर काढूनच.

इतवारीकर

तोवर दुसरा प्रश्न विचारून घेतो. नव्या कामांसाठी नवा पीसी घ्यायचाच आहे. एका दुकानाने डीडीआर४ सांगितली, दुसऱ्याने डीडीआर५, आणि दोन्हीकडे रॅमचा वाढलेला भाव ऐकून थबकलो. पुतण्याच्या मशीनचा बोर्ड पावसाळ्यात वीज पडून गेला, त्यातल्या ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ पट्ट्या घरी पडून आहेत. बाबा म्हणतात, यावेळी सगळ्यात फास्ट नको, सगळ्यांकडे मिळेल ते घे.

पारिजात

त्या दोन पट्ट्या आधी दुसऱ्या मशीनमध्ये लावून रात्रभर मेमरी टेस्ट चालवा. विजेच्या झटक्यात त्याही गेल्या असतील. ठीक निघाल्या तर इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीतला प्रोसेसर आणि डीडीआर४चा बोर्ड घ्या. त्या पिढ्या दोन्ही प्रकार चालवतात, बोर्ड मात्र कुठलातरी एकच घेतो, खाच वेगळी असते. पत्रिका आणि पत्रकांना १६ जीबी भरपूर. पट्ट्या गेल्या असतील तर सरळ डीडीआर५. एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या बोर्डाला तर दुसरा पर्यायच नाही. डीडीआर४ नव्याने विकत घेण्यात आता अर्थ नाही, मोठे कारखाने ती बंद करत आणत आहेत.

भाव वाढण्याचं कारण एआयच्या सर्व्हरमध्ये आहे. तिथे एचबीएम लागते, डीरॅमचे थर एकावर एक रचून प्रोसेसरच्या शेजारीच बसवलेली. बनवणारे मुख्य तीनच, एसके हायनिक्स, सॅमसंग, मायक्रॉन, आणि आपल्या पट्ट्यांच्या चिपाही मुख्यतः हेच बनवतात. तेवढ्याच क्षमतेच्या डीडीआर५च्या मानाने एचबीएमला वेफर (चिपा जिच्यातून कापतात ती सिलिकॉनची चकती) साधारण तिप्पट लागतो, हे मायक्रॉननेच सांगितलंय. नफा जिकडे, वेफर तिकडे. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने क्रुशल हा आपला किरकोळ ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं.

तर्रीवाला

गुजरातमध्ये साणंदले मायक्रॉनचा कारखाना हाय न? मंग स्वस्त नाही होणार काय?

पारिजात

तिथे जोडणी, पॅकिंग आणि टेस्टिंग. वेफर बाहेरून येतात. भाव वेफरपाशी ठरतो, तेव्हा त्या आशेवर थांबू नका.

इतवारीकर

चालू झालं!!! पहिल्यांदा परत बीप आली, तर खळवाली पट्टी एका बाजूने वर राहिली होती. दाबली, टक् वाजलं. काळ्या पडद्यावर २५६ एमबीचा आकडा मोजत गेला आणि बाबा खुर्चीवरून उठले. डाँगल ओळखलं, १४ वर्षांपूर्वीची एक पत्रिका उघडून पाहिली, रफार-वेलांटीसकट जागच्या जागी. काकांना खळीसाठी स्टीलची पट्टी आणून दिली आहे.

सोल्डरगन

छान. आता उत्साहात पत्रिका छापत बसू नका. ती हार्ड डिस्कही पंचवीस वर्षांचीच ना? आयडीई (जुन्या डिस्कचं जोड) ते यूएसबी कन्व्हर्टर माझ्याकडे आहे. पूर्ण डिस्कची इमेज घेऊन दोन ठिकाणी ठेवू. मे महिन्यात अडकत होतं त्याचं मूळ बहुधा प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट, तीही बदलू. रविवारी सकाळी येऊ का?

इतवारीकर

या न. दहापर्यंत या, पोहे आमच्याकडे.

तर्रीवाला

पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा, मी पेस्ट घेऊन येतो. थर्मल हं, खळ नाही.