साहेब चारचौघांत झापतात, माणसं चुका लपवायला लागली आहेत

प्रश्न: प्रॉडक्शन मॅनेजर सगळ्यांदेखत माणसांची अब्रू काढतात. रिजेक्शनचा (तपासणीत नापास झालेल्या मालाचा) आकडा मात्र घसरलाय, त्यामुळे मालक खूश! एचआरने नेमकं काय तपासावं?

रात्रपाळी: घसरलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांच्या १९९६ च्या अभ्यासात, चांगलं नेतृत्व असलेल्या रुग्णालयीन टीममध्ये औषधांच्या चुकांची नोंद जास्त निघाली, कारण तिथे चूक सांगायची भीती नव्हती. तुमच्याकडे रिजेक्शन रजिस्टर आणि भंगाराचं वजन महिनावार ताडून बघा. रजिस्टर उतरलं आणि भंगार तेवढंच राहिलं, तर माल गुपचूप भंगारात जातोय. सोबत आजारपणाच्या रजा आणि बदलीचे अर्ज विभागवार काढा.

कलम_वाचक: तक्रारीत ‘नेहमी ओरडतात’ लिहिलंत की ती टिकत नाही. तारीख, वेळ, नेमके शब्द, हजर कोण, कामावर परिणाम काय, हे त्याच दिवशी लिहा. नोंदी कंपनीच्या लॅपटॉपवर नकोत. कंपनीच्या फायली स्वतःच्या मेलवरही पाठवू नका, उलट तुमच्यावरच कारवाई व्हायची. लैंगिक छळ असेल तर २०१३ चा कायदा आहे: महिलेने अंतर्गत समितीकडे ३ महिन्यांत लेखी तक्रार करायची. नुसत्या पाणउताऱ्यासाठी असा वेगळा कायदा नाही, ही खरी अडचण.

सुमेधा: कुणाची झोप उडाली असेल तर टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६, मोफत, चोवीस तास.

प्रश्नकर्ती: भंगाराचं वजन गेटपासवर असतं. उद्याच काढते.