अनुभव : कॉलेज गावात, विद्यापीठ लांब

दिवाळीत माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली. वडिलांच्या इंटरच्या कागदावर मुंबई विद्यापीठ, माझ्या पदवीवर पुणे विद्यापीठ, मुलीच्या पदवीवर उत्तर महाराष्ट्र. शिकलो तिघंही जळगावातच! १९४५ ला जळगावला मूळजी जेठा आणि अमळनेरला प्रताप, अशी दोन कॉलेजं निघाली. त्याआधी इथल्या मुलांना मॅट्रिकनंतर नाशिक, पुणे नाहीतर मुंबई गाठावी लागे. १९४९ ला पुणे विद्यापीठ झालं आणि आपण मुंबईकडून पुण्याकडे गेलो. त्या वीसेक वर्षांतलं कुणाला आठवत असेल, घरात ऐकलं असेल, तर सांगा. संस्थेचा गौरव नको, खोलीतलं-डब्यातलं सांगा.

नरडाणा (आजोबा बोलतायत, नातू टाइप करतोय)
१९५७ ला मी प्रताप कॉलेजात गेलो. आई गावभर सांगायची, "मना पोऱ्या कालेजमां शे." पुढे कोणी विषय विचारला की गप्प. अमळनेरात आम्ही चौघांनी एक खोली घेतली होती. सोमवारी ओळखीच्या माणसाबरोबर पॅसेंजरनं डबा यायचा : कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरी आणि ठेचा. गुरुवारपर्यंत भाकर पापडासारखी वाजायची, मग ती चहात. घड्याळ कोणाकडेच नव्हतं, प्रताप मिलच्या भोंग्यावर उठायचं. साने गुरुजींनी तिथल्या हायस्कुलातली नोकरी १९३० ला सोडलेली, पण गावातली म्हातारी माणसं आम्हाला बाजारात अडवून "गुरुजी असते तर..." सुरू करायची. खोलीत केर दिसला तरी गुरुजी, सिनेमाला गेलो तरी गुरुजी. तेव्हा वैताग यायचा. तत्त्वज्ञान मंदिर, म्हणजे तिथली तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था, १९१६ पासूनचं. आम्ही तिथं तत्त्वज्ञानासाठी कमी आणि परीक्षेआधीच्या शांततेसाठी जास्त जायचो. (हे लिहू का विचारलं, तर म्हणाले, लिही.)

जळगाव
आमच्या वर्गात मुली पाच. सर येईपर्यंत लेडीज रूममध्ये थांबायचं, ते निघाले की मागोमाग रांगेनं वर्गात, आणि तास संपला की त्यांच्याच मागे बाहेर. तीन वर्षांत वर्गातल्या एकाही मुलाशी बोलले नाही. पुढे त्यांतलाच एक माझा व्याही झाला!
१९६० ला महाराष्ट्र झाला आणि पूर्व खान्देशचा जळगाव जिल्हा झाला. मामा मात्र शेवटपर्यंत पत्त्यात 'जि. पू. खा.' लिहीत. पत्रं बरोबर पोचायची.

धुळे
मी एम.ए.ला थेट गणेशखिंडीत. धुळ्याहून चाळीसगाव, तिथून मनमाड, मग दौंडवरून पुणे. ट्रंक आणि वळकटी सांभाळत रात्र जायची. इंग्रज गव्हर्नरचा पावसाळी मुक्कामाचा बंगला, तेच विद्यापीठ. आवार ४११ एकर. आमच्या अख्ख्या भाऊबंदकीची जमीन तिथल्या एका कोपऱ्यात बसली असती. पहिले काही दिवस मी झाडंच बघत होतो.
महिनाही झाला नव्हता आणि १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. विद्यापीठ उंचावर, आम्हाला काही झालं नाही. नदीकाठच्या पेठांत मात्र चिखल. आठवडाभर आम्ही मुलं घमेली उचलत होतो. घरी तार करायचं सुचलंच नाही. चौथ्या दिवशी बाप दारात उभा. पहिल्यांदाच पुणं बघत होता, पत्ता विचारत विचारत पायी आलेला. बोलला काहीच नाही. पिशवीतून दादर ज्वारीच्या भाकरी काढल्या, मी खाईपर्यंत बसला आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं परत गेला. एम.ए.त काय शिकलो ते आता विचारू नका.

(पेटीवाला, मध्येच) व्याह्यांचं अजून सांगा ना ताई!

जळगाव
नको. तेही वाचतात.

पाळधी
माझं थोडं नंतरचं आहे, चालेल ना? १९६४ ला पुणे विद्यापीठाकडे पाचच जिल्हे उरले, त्यांत आपले जळगाव आणि धुळे दोन्ही होते. म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जायला लागणाऱ्या मायग्रेशन सर्टिफिकेटलाही पुणंच. वडील ते काढायला गेले तेव्हा दोन रात्री रेल्वेत गेल्या. ती गोष्ट आम्ही लहानपणी इतक्यांदा ऐकली की दौंडच्या प्लॅटफॉर्मवर कोणता चहा चांगला तेही पाठ झालं. १५ ऑगस्ट १९९० ला आपलं विद्यापीठ झालं आणि पुढे बांभोरीला गिरणेकाठी, उजाड माळावर, इमारती उठल्या. मी सर्टिफिकेट आणायला सकाळी सायकलवर गेलो, जेवायला घरी. कागद वडिलांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोन्ही बाजू पाहिल्या आणि म्हणाले,
"मग तू दौंडचा चहा प्यायलाच नाहीस."