ख्रिस्तराजाच्या रविवारच्या उपदेशासाठी आपल्या किनाऱ्यावरचे दाखले हवेत

भाट्ये_खाडी

सर्वांना सलाम.

मी रत्नागिरीत शिक्षिका आहे. आमची मंडळी लहान, रविवारी उपासनेला चाळीसेक माणसं. पाळकसाहेबांकडे दोन मंडळ्या आहेत, त्यामुळे ते नसतात त्या रविवारी आमच्यातलंच कुणीतरी उपदेश करतं. येत्या २३ नोव्हेंबर २०२५ ला, ख्रिस्तराजाच्या रविवारी, माझी पाळी आहे. शास्त्रपाठ लूक २३:३३-४३, म्हणजे प्रभूला दोन गुन्हेगारांच्या मध्ये वधस्तंभावर खिळलं तो प्रसंग. वीस मिनिटं बोलायचंय.

मागच्या वर्षीही हा रविवार माझ्याकडेच होता. तेव्हा मी इंटरनेटवर इंग्रजी दाखले शोधले आणि वेश पालटून प्रजेत फिरणाऱ्या युरोपातल्या कुठल्याशा राजाची गोष्ट सांगितली. बर्फ, घोडागाडी, शेकोटी. उपासना संपल्यावर पहिल्या बाकावर बसणाऱ्या आजींनी माझा हात धरून विचारलं, "बाय, तो राजा कुठला गो?" मला उत्तर देता आलं नाही. वीस मिनिटं त्यांनी मन लावून ऐकलं, आणि प्रभूच्या राज्यातलं काहीच त्यांच्या पदरात पडलं नाही. हे मला वर्षभर लागून राहिलंय.

म्हणून यंदा ठरवलं, राजा इथलाच घ्यायचा. रत्नागिरीत राजा म्हटलं की थिबा. शाळेची मुलं घेऊन मी थिबा पॅलेसला कितीदा तरी गेलेय. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतलं, ब्रह्मदेशाच्या या राजाला राणी आणि मुलींसकट बोटीत बसवलं, आणि पुढच्या वर्षी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. पॅलेस बांधून झाला १९१० साली. १९१६ च्या डिसेंबरात राजा इथेच वारला. म्हणजे तीस वर्षं तो आपल्या गावात होता, आणि त्याला पुन्हा स्वतःचा देश दिसला नाही. आजींनी तो वाडा लहानपणापासून पाहिलाय. राज्य नसलेला राजा. मला वाटलं, दाखला मिळाला.

लिहायला बसले आणि अडकले. थिबाचं राज्य हिसकावून घेतलं गेलं, प्रभूने मात्र आपला प्राण आपणहून दिला. "प्रभू थिबासारखा नव्हता" असं म्हणायचं झालं, तर परक्या मुलखात झुरून मेलेल्या एका माणसाच्या दुःखावर पाय ठेवून मी वर चढल्यासारखं होतं. तसं करायला मन घेत नाही. "थिबासारखा होता" म्हटलं तर ते खरं नाही.

दुसरी अडचण मुलांची. राजा म्हटलं की आमच्या मुलांच्या डोळ्यांपुढे शिवाजी महाराज उभे राहतात, माझ्याही राहतात. महाराजांशी तुलना किंवा स्पर्धा वाटेल असा एकही शब्द मला बोलायचा नाही. पण मुलांच्या मनातला राजा बाजूला सारून भलताच कुणी राजा तिथे बसवता येत नाही, हेही मागच्या वर्षी कळलं.

तुम्ही काय सांगता? आपल्या मातीतला, आपल्या पाण्यातला दाखला हवाय. पुस्तकातला नको.

गास_वसई

ताई, नमस्कार. मी कॅथलिक, आमच्या धर्मग्रामात मुलांना धर्मशिक्षण देतो. उपदेश फादर करतात, पण या सणाची तयारी मुलांकडून मीच करून घेतो.

आधी सणाबद्दल थोडं, कारण ते तुम्हाला उपयोगी पडेल. पोप पायस अकरावे यांनी ११ डिसेंबर १९२५ च्या परिपत्रकाने हा सण सुरू केला. यंदा शंभर वर्षं होतात. पहिलं महायुद्ध संपून सातच वर्षं झाली होती. रशियाचा झार गेला, जर्मनीचा कैसर गेला, ऑस्ट्रियाचा सम्राट गेला, आणि खुद्द रोममध्ये मुसोलिनी सत्तेवर बसला होता. सिंहासनं मोडत असताना आणि नवे हुकूमशहा उगवत असताना चर्चने म्हटलं, आमचा राजा हा आहे. सण तेव्हा ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असायचा. १९६९ साली तो उपासनावर्षाच्या शेवटच्या रविवारी आला, म्हणून त्याच्यामागोमाग आता नाताळाआधीचा आगमनकाळ लागतो.

आणखी एक. यंदाची तारीख २३ नोव्हेंबर. १९२७ साली याच तारखेला मेक्सिकोत मिगेल प्रो या येशूसंघीय धर्मगुरूंना गोळ्या घातल्या. त्यांनी क्रुसासारखे हात पसरले आणि "ख्रिस्तराजाचा विजय असो" म्हणत मरण पत्करलं. परदेशातला दाखला तुम्हाला नको आहे, हे कळतंय. तरी तारखेसाठी एका वाक्यात सांगायला हरकत नसावी.

आता थिबा. तुम्ही त्याला सोडू नका असं मला वाटतं. फक्त नजर राजावरून काढून दुसऱ्या माणसावर न्या. लूकचा उतारा पुन्हा वाचा. तिथे सगळ्यांत नवल कुणाचं वाटतं? मला त्या गुन्हेगाराचं वाटतं. थिबा नजरकैदेत असताना त्याच्याकडे कुणी जमीन, वतन, नोकरी मागायला गेलं असतं का? तो स्वतःच भत्ता वाढवून मिळावा म्हणून इंग्रज सरकारला अर्ज करत होता. कैदेतल्या राजाकडे कुणी अर्ज घेऊन जात नाही. आणि इथे एक मरणारा माणूस शेजारी खिळलेल्या माणसाला म्हणतो, तू तुझ्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण कर. शिष्य पांगलेत, अधिकारी थट्टा करताहेत, डोक्यावरची "यहूद्यांचा राजा" ही पाटी हिणवायला लावलीय. अशा वेळी त्या एकट्याला राजा दिसला.

यात थिबाचा अपमान होत नाही. उलट आपल्या माणसांना त्याचा एकटेपणा कळेल, आणि त्या गुन्हेगाराचा विश्वास किती मोठा होता तेही कळेल.

वराम

ताई, मी मालवणचा. वडील तांडेल, आजोबा तांडेल. मी आता बंदरावर डिझेलचं काम बघतो, पण वीस वर्षांचा होईपर्यंत होडीवरच होतो.

आम्हाला राजा विचारलात तर आम्ही तांडेल दाखवू. होडी नाखव्याची असते, पैसा नाखव्याचा असतो, पण होडीने किनारा सोडला की शब्द तांडेलाचा. जाळं कुठे टाकायचं, कधी ओढायचं, कधी माघारी फिरायचं, सगळं तोच ठरवतो. खलाशी आळीपाळीने झोपतात, तांडेलाचा डोळा लागत नाही.

२०१९ च्या ऑक्टोबरात क्यार वादळ आलं, तेव्हा कितीतरी होड्या देवगड बंदरात आसऱ्याला शिरल्या. त्यात आमचीही होती. बंदरात एवढी दाटी की होड्या एकमेकींवर आपटत होत्या. बाबांनी सातही खलाशांना एकेक करून शेजारच्या होडीवर आणि तिथून धक्क्यावर जायला लावलं. एका पोराची ती पहिलीच खेप होती, तो रडत होता. बाबा सुकाणू धरून उभे, होडी सरळ ठेवत होते, म्हणजे उडी मारणाऱ्याचा पाय मध्ये सापडू नये. धक्क्यावरून सगळे ओरडत होते, "तांडेलानू, तुमी या आता!" सातवा पोचेपर्यंत ते हलले नाहीत. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत.

लूकच्या त्या अध्यायात "स्वतःला वाचव" हे तीनदा येतं. आधी अधिकारी म्हणतात, मग शिपाई, मग बाजूचा दुसरा गुन्हेगार. "तू राजा असशील तर स्वतःला वाचव." हे वाचलं की मला तो धक्का आठवतो. स्वतः आधी उतरला तो तांडेलच नव्हे. त्या तिघांना राजा कशाला म्हणतात तेच ठाऊक नव्हतं. आमच्या खलाशांतल्या सगळ्यात लहान पोरालाही ते ठाऊक होतं.

तुमच्या मंडळीत दर्यावर जाणारं कुणी असेल तर हे त्याला समजावून सांगावं लागणार नाही.

वाशिष्ठी

महाराजांबद्दलची तुमची काळजी रास्त आहे. मी चिपळूणचा, निवृत्त ग्रंथपाल. माझं मत स्पष्ट सांगतो. महाराजांचं नाव टाळू नका. टाळलंत तर मुलांना वाटेल की ख्रिस्ती माणसाने देवळाबाहेर पडल्यावरच महाराजांचा अभिमान बाळगायचा असतो.

चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना महाराजांनी लिहिलेलं पत्र आहे. पावसाळ्याआधीच घोड्यांची वैरण उधळून टाकलीत तर पुढे उपासमार होईल, मग तुम्ही कुणब्याच्या घरात शिराल, कुणी दाणे आणील, कुणी गवत, कुणी लाकडं, आणि रयत म्हणेल यापेक्षा मोगल बरे, असं त्यात बजावलंय. उंदीर दिव्याची जळती वात पळवून नेईल आणि गवताच्या गंज्या पेटतील, इथपर्यंत काळजी केलीय. राजा कुणब्याच्या गवताचा विचार करतोय!

याच्या शेजारी बायबलातलं १ शमुवेल ८ ठेवा. इस्राएल लोक राजा मागतात, तेव्हा शमुवेल सांगतो की राजा तुमचे मुलगे घेईल, मुली घेईल, चांगली शेतं घेईल, धान्याचा दहावा हिस्सा घेईल. घेईल, घेईल, घेईल. चांगला राजा या घेण्याला आवर घालतो, हे महाराजांनी आपल्याला दाखवलं, म्हणून आपण त्यांना मानतो. चांगला राजा कसा असतो हे मुलांना महाराजांमुळे आधीच माहीत आहे, एवढं म्हणा आणि तिथून वधस्तंभाकडे वळा. तुलना करूच नका.

तांडेलाचा दाखला मला फार आवडला. तो सांगताना आवाज चढवू नका. हळू सांगितलात तर जास्त पोचेल.

कातळावर

मी थोडक्यात लिहिते. आमच्या रविवार शाळेत मी दरवर्षी करवंदीच्या काट्यांचा मुकुट करते. प्रभूच्या डोक्यावर घातला तो काटा दुसऱ्या झाडाचा असणार, हे मुलांना आधीच सांगते. पण करवंदं काढताना प्रत्येकाचा हात एकदा तरी ओरबाडलेला असतो, त्यामुळे मुकुट पाहिल्याबरोबर मुलं हात मागे घेतात. मला काही बोलावंच लागत नाही. मुकुट टेबलावर नुसता ठेवा, कुणाच्या डोक्यावर घालू नका.

याला जोडून बायबलातल्या शास्ते ९ मधली योथामाची गोष्ट सांगता येते. झाडं राजा शोधायला निघतात. जैतून नको म्हणतं, अंजीर नको म्हणतं, द्राक्षवेल नको म्हणते, कारण तिघांनाही आपापलं फळ देण्याचं काम आहे. शेवटी काटेरी झुडूप म्हणतं, या, माझ्या सावलीत बसा. मी मुलांना विचारते, आपल्याकडे ही झाडं कोणती असती? माड, आंबा, फणस अशी उत्तरं येतात. मग विचारते, काट्याला सावली असते का? मुलं हसतात. तेवढ्यात मी टेबलावरचा मुकुट दाखवते. सत्ता मागणाऱ्या झुडपाचे काटे दुसऱ्यांना टोचले. हे काटे राजाने स्वतःच्या कपाळावर घेतले.

भाट्ये_खाडी

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सगळं दोनदा वाचलं.

वीस मिनिटांत सगळं मावणार नाही. थिबापासून सुरुवात करते आणि गास_वसई म्हणतात तसं "कैदेतल्या राजाकडे अर्ज कोण घेऊन जाईल?" हा प्रश्न विचारते. आमच्यातल्या प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या कचेरीत अर्ज देऊन महिनोन् महिने वाट पाहिलीय. त्या गुन्हेगाराला मात्र उत्तर मिळालं "आज". आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. या "आज"कडे आजवर माझं लक्षच गेलं नव्हतं. तिथून तांडेलाकडे आणि "स्वतःला वाचव"कडे जाईन. वराम, तुमच्या बाबांची गोष्ट नाव-गाव न घेता सांगितली तर चालेल ना? त्यांना विचारून कळवा. त्यांची परवानगी नसेल तर सांगणार नाही.

महाराजांचं पत्र मुलांसाठी ठेवते. रविवार शाळेत आधी तेच वाचू, मग १ शमुवेल. योथामाची गोष्टही तिथेच.

काल संध्याकाळी आजींकडे जाऊन आले. अर्जाचं त्यांना सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "त्याने मागितलं तरी काय गो, नुसती आठवण."

करवंदीची जाळी आमच्या शाळेमागच्या कातळावरच आहे. शनिवारी फांद्या कापीन. कातळावर ताई, चीक हाताला बसू नये म्हणून काय करता?

वराम

बाबा हो म्हणाले. ते म्हणतात, सातव्या खलाशाचंही सांगा, त्याने धक्क्यावर पोचल्यावर दोर सोडला नव्हता.

कातळावर

फणस कापताना लावतो तसं खोबरेल आधीच लावा, कोयतीलाही. आणि शनिवारी सकाळी कापू नका, संध्याकाळी उन्हं उतरल्यावर कापा, नाहीतर रविवारपर्यंत पानं मलूल होतात.