अण्वस्त्रविरोधी निदर्शनांची मागणी एकच असावी की अनेक?

अक्षांश

येत्या ६ ऑगस्टला, म्हणजे हिरोशिमा दिनी, मुंबईत युद्ध आणि अण्वस्त्रे यांच्या विरोधात मोठी निदर्शने करावीत, असे आम्हा काही परिचितांच्या मनात आहे. पहिल्याच बैठकीत मात्र परवानगी, वर्गणी, स्वयंसेवक हे सारे विषय बाजूला राहिले आणि दोन तास एकाच प्रश्नावर गेले: मागणी एक असावी की अनेक? माझे मत एका मागणीच्या बाजूने आहे. ते का, हे सविस्तर मांडतो. ज्यांना ते पटत नाही त्यांनी ते अवश्य खोडून काढावे, कारण बैठकीत आवाज चढले आणि विचार तिथेच थांबला.

१२ जून १९८२ रोजी न्यूयॉर्कमध्ये निघालेला मोर्चा अण्वस्त्रविरोधी चळवळीच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या मोर्चांपैकी एक मानला जातो. निःशस्त्रीकरणावरील संयुक्त राष्ट्रांचे दुसरे विशेष अधिवेशन त्याच आठवड्यात सुरू झाले होते. मुख्यालयाच्या परिसरातून निघालेले लोक सेंट्रल पार्कच्या हिरवळीवर जमले, तेव्हा त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात गेली असे अंदाज आहेत. हा आकडा पुष्कळांना ठाऊक असतो. त्याआधीच्या दोन वर्षांचे काम फारसे कोणी सांगत नाही. रँडल फोर्सबर्ग या संशोधक स्त्रीने १९८० मध्ये एक छोटेसे आवाहन लिहिले होते. अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोघांनी अण्वस्त्रांची चाचणी, निर्मिती आणि तैनाती आहे तिथेच थांबवावी आणि ती थांबल्याची पडताळणी करता यावी, एवढेच त्यात मागितले होते. या मागणीला ‘गोठवणी’ असे नाव मिळाले. व्हरमाँट राज्यात दरवर्षी मार्च महिन्यात गावसभा भरतात आणि रस्ते, शाळा, कर यांसारख्या बाबींवर गावकरी प्रत्यक्ष मत देतात. मार्च १९८२ मध्ये तिथल्या दीडशेहून अधिक गावांनी गोठवणीचा ठराव संमत केला. स्वतःला चळवळीतले न समजणारा माणूसही त्या ठरावाला हात वर करू शकला, कारण त्याला एकाच वाक्यावर हो किंवा नाही म्हणायचे होते. जूनमधली गर्दी अशा सभांमधून तयार होत गेली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नऊ राज्यांत या प्रश्नावर मतदान झाले आणि आठ राज्यांत ठराव जिंकला. मे १९८३ मध्ये अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहानेही गोठवणीचा ठराव मंजूर केला.

आपल्याकडे मुंबईतली निदर्शने आता आझाद मैदानापुरती मर्यादित आहेत. तिथे पाच हजार लोक जमले काय आणि पन्नास हजार जमले काय, दुसऱ्या दिवशी त्याची एक बातमी होईल. त्याआधी दोनशे ग्रामसभांनी एकाच मजकुराचा ठराव केलेला असेल, तर ती बातमी एका दिवसात विरणार नाही. मात्र दोनशे ग्रामसभा आठ मागण्यांचा ठराव करणार नाहीत.

दीपस्तंभ

तुमच्या तळमळीबद्दल शंका नाही, परंतु तुम्ही गोष्ट जिथे थांबवली तिच्या पुढचा भाग माझ्या मते अधिक महत्त्वाचा आहे. प्रतिनिधिगृहाचा ठराव अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्या सरकारवर बंधनकारक नव्हता आणि गोठवणी कधीच झाली नाही. ऑक्टोबर १९८३ मध्ये, युरोपात नवी अमेरिकी क्षेपणास्त्रे नकोत म्हणून, हेगमध्ये साडेपाच लाखांच्या आसपास लोक रस्त्यावर उतरले. बॉन आणि लंडन येथेही प्रचंड मोर्चे निघाले. तरीही नोव्हेंबरात पर्शिंग आणि क्रूझ क्षेपणास्त्रे युरोपात येऊ लागली. ती अखेर हटली ती ८ डिसेंबर १९८७ च्या अमेरिका-सोव्हिएत करारामुळे, आणि तो करार होऊ शकला याचे कारण वाटाघाटीत देण्यासारखे दोन्ही बाजूंकडे काही होते. मध्यम पल्ल्याची सगळीच क्षेपणास्त्रे रद्द करण्याचा प्रस्ताव रेगन यांनी स्वतः नोव्हेंबर १९८१ मध्ये मांडला होता, हेही नोंदवले पाहिजे.

माझा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्याच जून १९८२ मध्ये मॉस्कोत काही नागरिकांनी अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात विश्वास निर्माण करण्यासाठी एक स्वतंत्र गट स्थापन केला. त्यांच्यावर पाळत ठेवली गेली आणि संस्थापकांपैकी एकाला ऑगस्टमध्ये मनोरुग्णालयात डांबण्यात आले. एका बाजूला दहा लाखांना मोर्चाची मुभा आणि दुसऱ्या बाजूला मूठभरांना मनोरुग्णालय, अशा स्थितीत मोर्चाचे सगळे वजन मोकळ्या देशाच्या सरकारवर पडते. चीनने १९६४ मध्ये पहिली चाचणी केली, तेव्हापासून आपण याच परिस्थितीत आहोत. बीजिंगमध्ये अण्वस्त्रविरोधी सभा भरू शकत नाही. ती फक्त आझाद मैदानात भरेल.

आणि एका मागणीबद्दल म्हणाल, तर १५ फेब्रुवारी २००३ चे काय? इराकवर युद्ध नको, याहून सोपी आणि एकमुखी मागणी असू शकत नाही. जगभर लाखो लोक एकाच दिवशी बाहेर पडले. २० मार्चला युद्ध सुरू झाले.

शुश्रूषा

मी डॉक्टर आहे आणि दीपस्तंभ यांच्या दुसऱ्या आक्षेपाला उत्तर देणे मला माझ्या व्यवसायाचे कर्तव्य वाटते. पलीकडच्या बाजूला मोर्चा निघू शकत नाही म्हणजे पलीकडे कोणीच नाही, असा अर्थ होत नाही. १९८० मध्ये बर्नार्ड लाऊन हे अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञ आणि येवगेनी चाझोव हे सोव्हिएत हृदयरोगतज्ज्ञ यांनी मिळून अणुयुद्ध रोखण्यासाठी डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी केली. चाझोव हे सोव्हिएत नेते ब्रेझनेव यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर होते, म्हणजे व्यवस्थेच्या अगदी आतले गृहस्थ होते. या डॉक्टरांचे म्हणणे वैद्यकीय होते: एका शहरावर बॉम्ब पडला तर भाजलेल्या रुग्णांना पुरतील एवढ्या खाटा, रक्त आणि परिचारिका कोणत्याही देशाकडे नाहीत, म्हणून प्रतिबंध हाच उपचार. चाचणीबंदीचा आग्रह त्यांनी दोन्ही राजधान्यांत धरला. ६ ऑगस्ट १९८५ रोजी, हिरोशिमाच्या चाळिसाव्या स्मृतिदिनी, सोव्हिएत नेते गोर्बाचेव यांनी एकतर्फी चाचण्या थांबवल्या आणि ती स्थगिती १९८७ च्या सुरुवातीपर्यंत टिकली. १९८५ मध्येच या संघटनेला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या मातीतलेही उदाहरण आहे. नौदलप्रमुखपदावरून निवृत्त झालेले ॲडमिरल रामदास अलिबागजवळ भाईमळ्याला येऊन राहिले आणि १९९८ च्या चाचण्यांनंतर अण्वस्त्रांना उघड विरोध करत राहिले. २००४ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना पाकिस्तानच्या आय. ए. रहमान यांच्यासह मिळाला. आझाद मैदानात किती लोक जमतील याची चिंता जरूर करावी, पण त्याच दिवशी कराचीतले दहा डॉक्टर आणि मुंबईतले दहा डॉक्टर एकाच पत्रकावर सही करतील का, याची चिंता मला अधिक वाटते.

नाटेकिनारा

मी राजापूर तालुक्यातला आहे आणि माझा एका मागणीला स्पष्ट विरोध आहे. एक मागणी म्हणजे कोणाची मागणी, हे आधी ठरवावे लागते आणि ते नेहमी शहरातल्या बैठकीत ठरते. जैतापूरच्या नियोजित अणुऊर्जा प्रकल्पाविरुद्ध माडबनचे शेतकरी आणि साखरी नाटे गावचे मच्छीमार वर्षानुवर्षे उभे आहेत. एप्रिल २०११ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात आमचा एक माणूस गेला. अणू हा शब्द ऐकल्यावर आमच्याकडच्या बाईला हिरोशिमा नंतर आठवते, आधी आठवते ती खाडी आणि तिच्यात उद्या सोडले जाईल ते गरम पाणी. तुम्ही म्हणाल की वीज वेगळी आणि बॉम्ब वेगळा. कागदावर तसे असेल. अमेरिकेबरोबरच्या अणुकराराच्या वेळी भारताने आपल्या अणुभट्ट्यांची नागरी आणि लष्करी अशी विभागणी केली, हे मलाही ठाऊक आहे. परंतु अणुकार्यक्रमाची सगळी व्यवस्था आणि तिच्याभोवतीची गुप्तता एकाच खात्याच्या हाती असताना आम्ही आमचा फलक घरी ठेवून यावे आणि तुमच्या फलकामागे उभे राहावे, ही अपेक्षा योग्य नाही.

न्यूयॉर्कच्या मोर्चाचेच उदाहरण पुरते घ्यावे. त्याच्या संयोजन समितीत महिनोन् महिने वाद चालले होते. कृष्णवर्णीय आणि अन्य वंचित समूहांच्या संघटनांना निर्णयात बरोबरीचे स्थान हवे होते. तिसऱ्या जगातील लष्करी हस्तक्षेपांचा निषेधही मागण्यांत यावा, असे त्यांचे म्हणणे होते. मोर्चाच्या सहा दिवस आधी इस्रायलने लेबनॉनवर आक्रमण केले. तिकडे युद्ध पेटलेले असताना केवळ क्षेपणास्त्रांच्या आकड्यांबद्दल बोलणाऱ्या मोर्चाला युद्धविरोधी म्हणायचे का, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तो आजही रास्त आहे. तुमच्या निदर्शनांच्या नावात युद्ध हा शब्द पहिला आहे.

पाटीपेन्सिल

जपानचा अनुभव इथे यायला हवा. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची किरणोत्सारी राख तेवीस खलाशांच्या एका जपानी मासेमारी बोटीवर पडली आणि सप्टेंबरमध्ये त्या बोटीवरील रेडिओचालकाचा मृत्यू झाला. दूषित मासळी बाजारात आल्याच्या भीतीने लोकांनी मासे घेणे थांबवले. तेव्हा टोकियोच्या सुगिनामी भागातल्या गृहिणींनी, मासळीविक्रेत्यांना बरोबर घेऊन, सहीमोहीम सुरू केली. वर्षभरात देशभरातून तीन कोटींहून अधिक सह्या झाल्या. ऑगस्ट १९५५ मध्ये हिरोशिमाला पहिली जागतिक परिषद भरली आणि पुढच्या वर्षी बॉम्बपीडितांची संघटना उभी राहिली. तिलाच २०२४ चे शांततेचे नोबेल मिळाले. नाटेकिनारा यांनी लिहिलेले वाचताना मला याच गृहिणी आठवल्या. मासळीच्या टोपलीतून सुरू झालेली ती मोहीम मागणीच्या बाबतीत मात्र एकच शब्द बोलत होती: हायड्रोजन बॉम्ब नको. म्हणजे अनुभव आपापला आणि मागणी सामाईक, असे होऊ शकते.

ती चळवळ फुटली तेही सांगितले पाहिजे. १९६१ मध्ये सोव्हिएत संघाने पुन्हा चाचण्या सुरू केल्यावर ‘कोणत्याही देशाच्या’ चाचणीला विरोध करायचा की नाही, या एका शब्दप्रयोगावरून समाजवादी आणि साम्यवादी गटांत फूट पडली आणि १९६५ पर्यंत त्यांच्या संघटना वेगळ्या झाल्या. आपल्या पत्रकात ‘कोणत्याही देशाच्या’ हे दोन शब्द पहिल्या ओळीत असावेत, एवढी माझी विनंती आहे. त्याने दीपस्तंभ यांच्या चीनविषयक आक्षेपालाही काही अंशी उत्तर मिळेल.

अक्षांश

२००३ च्या उदाहरणाने मला दोन दिवस विचार करायला लावला. एक मागणी पुरेशी नसते, हे मला मान्य आहे. तेव्हा लोक एका दिवशी आले आणि परतले; त्यांच्या मागे गावसभा नव्हत्या आणि पुढे जायला पायरीही नव्हती. आणि १९८७ चा करार केवळ मोर्चांनी झाला असे मीही म्हणणार नाही. परंतु त्या करारानुसार २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट झाली, ती हटवणे हेच दोन्हीकडच्या नेत्यांना राजकीयदृष्ट्या लाभाचे वाटू लागले होते म्हणून. ते तसे वाटू लागण्यामागे रस्त्यावरच्या लोकांचा काहीच वाटा नव्हता, हे मला पटत नाही.

म्हणून आता नेमकी मागणी मांडतो. २१ फेब्रुवारी १९९९ च्या लाहोर सामंजस्यपत्रात भारत आणि पाकिस्तान यांनी आपापली चाचणीस्थगिती पाळत राहण्याचे मान्य केले होते, मात्र असाधारण परिस्थितीत तीतून बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवून. या दोन स्वतंत्र स्थगित्यांचा एक लेखी, बंधनकारक द्विपक्षीय करार व्हावा. कोणालाही आज शस्त्र खाली ठेवायचे नाही, एकही शस्त्र मोडायचे नाही. दोन्ही देश एकमेकांच्या अणुकेंद्रांच्या याद्या दर १ जानेवारीला देतात आणि १९९२ पासून युद्ध-तणावातही ती प्रथा चालू आहे. म्हणजे असे करार आपल्याकडे टिकतात. मे २०२५ च्या चार दिवसांत आपण सगळे जे अनुभवले, त्यानंतर ही मागणी फार मोठी आहे असे मला वाटत नाही.

दीपस्तंभ

मागणी मोठी नाही, हे खरे. पण ती निरुपद्रवी आहे असे नाही. १९९८ च्या चाचण्यांशी निकट संबंध असलेले के. संथानम यांनी २००९ मध्ये जाहीरपणे म्हटले होते की हायड्रोजन बॉम्बची चाचणी अपेक्षेइतकी यशस्वी झाली नव्हती. सरकारने ते नाकारले. परंतु ते खरे असेल, तर पाकिस्तानशी बंधनकारक करार करून आपण चीनच्या तुलनेतली एक उणीव कायमची करून घेऊ. चीनला या करारात आणता येत नाही तोवर मी सही करणार नाही. सभेला मात्र येईन आणि हाच आक्षेप तिथे मांडू दिलात तर मांडेन.

शुश्रूषा

तो आक्षेप व्यासपीठावरून मांडला जावा, असा माझा आग्रह राहील.

नाटेकिनारा

चाचणीच्या करारावर माझा आक्षेप नाही, सही करीन. पण आमचा फलक आम्ही आणणारच, आणि पत्रकावर सामाईक मागणीखाली प्रत्येक गावाने आपले दोन परिच्छेद लिहावेत, ही पाटीपेन्सिल यांच्या म्हणण्यातून निघणारी वाट मला मान्य आहे.

तारखेबद्दल मात्र कोणीच विचार केलेला दिसत नाही. पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते. ६ ऑगस्टला दोन महिने उभ्या असलेल्या होड्या नुकत्याच पाण्यात गेलेल्या असतात, आणि हंगामाच्या पहिल्या आठवड्यात एकही खलाशी मुंबईला सभेसाठी येणार नाही. आमच्या बायका येतील, पण रात्रीच्या गाडीने निघून त्याच रात्री परतावे लागेल, कारण मासळी घ्यायला जेटीवर कोणी तरी हवे. तारीख बदलता येत नसेल तर जुलैमध्ये, बंदी चालू असताना, तुम्ही नाटे गावी या. तेव्हा सगळे घरी असतात आणि ग्रामसभेचा ठरावही त्याच महिन्यात करून घेता येईल.