पंख्यात गेलेली मासे धरायच्या रॉडची टिप घरी बसवता येईल का? (ग्रिपचं पण विचारायचंय)

धायरीचा_गळकरी
नमस्कार मंडळी, आधी हसून घ्या मग उत्तर द्या. नवीन रील आली म्हणून उत्साहात हॉलमध्येच रॉड जोडला, ७ फुटी, दोन तुकड्यांचा, स्पिनिंगचा, आणि हँडल कसं फिरतंय बघायला खाली मान घातली तोच वर टोक पंख्यात. टक् एवढाच आवाज आला. आईने आतून विचारलं काय फोडलंस, म्हटलं काही नाही.

टोकाकडून साडेचार इंच गेलंय. टोकाची रिंग (जिच्यातून लाईन जाते ती) त्या तुटक्या तुकड्यावर आहे, वरवर शाबूत दिसतेय. रॉड काही फार भारी नाही पण पहिल्या पगारातला आहे म्हणून टाकवत नाही. दुकानदार म्हणाला नवीन घ्या (तो दुसरं काय म्हणणार). मित्र म्हणतो छत्रीची काडी आत सरकव, वरून फेविक्विक सोड, काम झालं. करू का?

दुसरं, मुठीवरचा फोम सुटलाय, ओल्या हाताने धरला की रॉडभोवती गोल फिरतो. आणि जाता जाता, गेल्या दोन महिन्यात मासा लागल्यावर लाईन तीनदा तुटली, ०.३० मिमीची साधी तंगूस (नायलॉनची लाईन) आहे, चांगली लाईन कुठली घेऊ तेही सांगा. जास्त करून पानशेतच्या बाजूला सायप्रिनस आणि चिलापी या माशांसाठी बसतो.

मुठेकाठचा_म्हातारा
छत्रीच्या काडीचा सल्ला देणाऱ्या मित्राला एकदा कटला लावून दे म्हणजे कळेल त्याला. अरे बाळा, रॉड वाकायला बनवलेला असतो. आत लोखंडी काडी घातलीस की तेवढा भाग वाकायचा बंद होतो आणि सगळा जोर काडी जिथे संपते तिथे येतो, बरोबर तिथूनच परत तुटणार. फेविक्विक तर काचेसारखं कडक, दोन वाकण्यात उडेल.

साडेचार इंच गेलंय तर जोडायच्या भानगडीत पडूच नकोस. मधे तुटला असता तर जुन्या रॉडचा तुकडा आत बसवून सांधा केला असता, तो पण रॉडच्याच जातीचा पाहिजे. टोकाला फक्त तुटका भाग साफ कापायचा आणि नवीन टोकाची रिंग बसवायची. कापताना पकड किंवा कटर लावू नकोस, आतून पोकळ असतो, चेपतो आणि उभा चिरत जातो. कापायच्या जागी चिकटपट्टीचे दोन वेढे घट्ट मार आणि बारीक दाताच्या हॅकसॉ ब्लेडने रॉड फिरवत फिरवत काप, मग पाण्यात बुडवून बारीक पॉलिशपेपर. ओलंच घास हं, कार्बनची धूळ छातीत जाणं चांगलं नाही आणि हातात त्याच्या कुसळी घुसल्या की दोन दिवस चुरचुरतं.

रॉड पूर्वीसारखा राहणार नाही एवढं मात्र धरून चाल. टोकाचा मऊ भाग गेला म्हणजे रॉड कडक झाला. सायप्रिनसला तळाला शिसं टाकून बसतोस तिथे फरक पडणार नाही, उलट जरा जड शिसं फेकता येईल. चिलापीचं ते टुकटुक मात्र आता टोकावर दिसायचं नाही.

सुट्टीचा_कोळी
पंखा क्लबात स्वागत 😄 आमच्याकडे स्कूटरवर आडवा बांधून नेताना सिंहगड रोडवर बसला घासलेला एक सदस्य आहे, तो मीच. दादा एक सीरियस गोष्ट पण, पंख्यात गेला तर रॉडच गेला, कार्बनच्या रॉडमधून वीज जाते, काठाला वरून वायर असेल तर रॉड उभा धरून चालत जाऊ नका.

मरळवाली_मावशी
काकांनी कापायचं सांगितलं, मी बसवायचं सांगते, माझ्या हाताखालून तीन रॉड गेलेत (दोन नवऱ्याने मोडलेले).

टोकाच्या रिंगेला खाली छोटी नळी असते, ती रॉडच्या कापलेल्या टोकावर जरा सैलसर बसली पाहिजे, ठोकून घालायची नाही. तुझी जुनी रिंग आता बसणारच नाही कारण साडेचार इंच खाली रॉड जाड झालाय. तेव्हा टोकाची जाडी व्हर्नियरने मोज आणि त्या मापाची आण, नळीचं माप मिलिमीटरमध्ये मिळतं. चिकटवायला अॅराल्डाइट नको, हॉट ग्लू वापर. कांडीचा कपटा कापून गॅस लायटरच्या आचेवर मऊ करायचा, रॉडच्या टोकाला माखायचा, मग रिंगेची नळी पकडीत धरून गरम करायची आणि लगेच सरकवायची. ज्योत रॉडला लावायची नाही, आतलं रेझिन जळतं आणि रॉड तिथे मेलाच समज. गरम आहे तोवर एक डोळा मिटून खालच्या सगळ्या रिंगांच्या रांगेत आण. वाकडी बसली तर परत नळी गरम कर, फिरव.

आणि लाईन विकत घेण्याआधी माझं ऐक. कान साफ करायचा कापसाचा बड घे आणि प्रत्येक रिंगेच्या आतून सावकाश गोल फिरव. कुठेही कापसाचा धागा अडकला की तिथे तडा आहे किंवा लाईनने चर पडलाय. डोळ्याला दिसत नाही, तंगूसला बरोबर लागतो. तीन वेळा मासा लागल्यावरच तुटतेय, म्हणजे ताण आल्यावर, मला तर तिथेच शंका येतेय.

खडकवासला_एक्स्प्रेस
हॉट ग्लूशी असहमत. आपल्याकडे एप्रिल मे मध्ये बंद गाडीत रॉड ठेवला की ग्लू मऊ होतो आणि पहिल्याच फेकीला रिंग शिशाबरोबर धरणात जाते, अनुभव आहे. सरळ अॅराल्डाइट, पण पाच मिनिटवालं नाही, जे रात्रभर लागतं ते. सध्या थंडी आहे तर डबल वेळ ठेवा, हात लावून बघत बसू नका.

मरळवाली_मावशी
@खडकवासला_एक्स्प्रेस गाडीत रॉड ठेवता कशाला 🙂 पुढच्या वेळी रिंग बदलायची म्हटली की अॅराल्डाइट सोडवताना टोक जळतं, म्हणून हॉट ग्लू म्हणते. मधल्या रिंगा बसवताना मात्र दोरा आणि एपॉक्सीच, तिथे तुमचं बरोबर.

धायरीचा_गळकरी
मावशी तुम्हाला साष्टांग. बड फिरवला. बाकी पाचही रिंगा गुळगुळीत आणि टोकाच्या रिंगेत, जी मी शाबूत म्हणालो होतो, कापसाची अख्खी शेंडी अडकली. आतल्या सिरॅमिकला केसाएवढा तडा आहे. पंख्याने गेला असेल असं वाटलं होतं पण मोबाईलचा कॅमेरा झूम करून बघितलं तर तड्यात हिरवट काळी घाण बसलीय, म्हणजे जुनाच. दोन महिने मी लाईनला शिव्या घालत होतो.

आता मधली एक रिंग पण हलतेय, दोरा सुटलाय. तो घरी गुंडाळता येईल का, शिलाईचा दोरा चालेल?

मुठेकाठचा_म्हातारा
चालतो, पॉलिस्टरचा घे, सुती नको. रिंगेचा पाय कानशीने टोकाला पातळ कर म्हणजे दोरा पायरीवर अडखळत नाही. सुरुवात करताना दोऱ्याचं टोक दोऱ्याखालीच दाबत पाच सहा वेढे मार, उरलेलं काप. दोऱ्याचं रीळ जाड पुस्तकात दाबून ठेवायचं आणि रॉड आपण फिरवायचा, ताण सारखा येतो. शेवटचे सहा सात वेढे राहिले की तंगूसचा एक फास आडवा ठेवायचा, त्याच्यावरून वेढे पूर्ण करायचे, दोरा कापून टोक फासात घालायचं आणि फास सर्रकन ओढायचा. टोक वेढ्यांखाली गडप. गाठ मारायची नाही कुठेच. पहिल्यांदा केलं तेव्हा चार वेळा सुटलं माझं, चिडू नकोस.

वरून एपॉक्सीचा पातळ थर, दोन्ही भाग अगदी सारखे, हळू ढवळायचं नाहीतर बुडबुडे धरतात. आणि रॉड फिरता पाहिजे, नाहीतर खालच्या बाजूला थेंब लोंबतो. टीव्हीसमोर बस आणि जाहिरात लागली की अर्धा वळसा दे. पावसाळ्यात हे काम काढू नकोस, दमट हवेत एपॉक्सी पांढुरकं होतं.

तपकीर_गल्ली_रिटर्न
मी कूलरच्या स्विंगची मोटर लावलीय रॉड फिरवायला, मिनिटाला पाच सहा फेरे, मस्त चालते. २३० व्होल्ट आहे, टोकं नीट टेप करा.

ग्रिपचं कोणीच बोललं नाही. फोम चिकटवत बसू नका, काढून टाका. मुठीवर नायलॉनची बारीक दोरी तिरकी गुंडाळत खाली जा आणि उलट तिरकी वर या म्हणजे शंकरपाळ्या पडतात, आणि वरून हीट श्रिंक ट्यूब, तपकीर गल्लीत कापून देतात. घ्यायच्या आधी रील सीटच्या (रील बसवायच्या जागेच्या) वरून जाते का बघा, मी बघितलं नाही आणि दोन मीटर ट्यूब घरात पडून आहे. खालच्या टोकाकडून घालायची, बुडाची टोपी काढून. हेअर ड्रायरने होत नाही धड, हीट गन लागते, रॉड सतत फिरता ठेवा. ओल्या हातात, कणकेच्या हातात, कशातही घसरत नाही. एवढं नको असेल तर बॅडमिंटनची ग्रिप गुंडाळा, वर्षभर जाते, आमिषाच्या पेंडीचा वास मात्र धरून ठेवते.

धायरीचा_गळकरी
झालं! काल रात्री मावशींच्या पद्धतीने टोक बसवलं, रॉड आता ६ फूट साडेसात इंच. दोरा काकांनी सांगितल्यासारखा चार नाही सहा वेळा सुटला. मग लाईन ओवून टोकाला पाणी भरलेली लिटरची बाटली लटकवून बघितली, वाकल्यावर लाईन कुठेच रॉडला टेकत नाही.

टोक कडक झाल्यामुळे चिलापी कळणार नाही म्हणालात, त्यावर काही उपाय?

सुट्टीचा_कोळी
कपड्याच्या चिमट्याला एक घुंगरू बांध आणि टोकाजवळ लाव. फेकायच्या आधी काढायला विसरू नकोस, माझी तीन धरणाच्या तळाला वाजतायत.

मरळवाली_मावशी
आणि जोडणी पार्किंगमध्ये कर आता.