हॉल सेन्सर काढल्यावर हब मोटर चढावर उचलत नाही

गाडीवाला_सातारा
भाजीच्या हातगाडीला 48 व्होल्टची डायरेक्ट ड्राइव्ह हब मोटर बसवली आहे, 23 पोल पेअरची (उत्तर-दक्षिण चुंबकांच्या 23 जोड्या). चाक उचलून धरलं तर पूर्ण थ्रॉटलला ताशी 20 किमीचा वेग. पावसात एक्सलच्या वायरीतून पाणी शिरून हॉल सेन्सर (रोटरची म्हणजे फिरणाऱ्या चुंबकांची जागा सांगणारे) गेले, म्हणून कंट्रोलर सेन्सरलेस, म्हणजे त्यांच्याशिवाय चालणारा केला. सपाटीला छान पळते. पण दीडशे किलो माल भरून चढावर थ्रॉटल दिला की चाक जागच्या जागी थरथरतं, मॉसफेट (कंट्रोलरमधले करंट चालू-बंद करणारे स्विच) तापतात. ऑब्झर्व्हरचा (सेन्सरऐवजी हिशेबानं रोटरचा कोन काढणारा कंट्रोलरमधला प्रोग्राम) गेन, म्हणजे त्याची तीव्रता, वरखाली करून पाहिला, फरक शून्य. काय करू?

सोल्डर_पुणे
सुरुवातीचा करंट 30 वरून 45 अँपिअर करून बघा. माझ्या सायकलला तेवढ्यानं जमलं.

ड्राइव्हकाका
करंट अजिबात वाढवू नका, मॉसफेट जातील. सायकलला पायडल मारून आधी वेग मिळतो, म्हणून तिथं निभावलं.

हिशेब मांडू. 20 किमीला फेजचा (मोटरच्या तीन वाइंडिंगपैकी एकीचा) बॅक ईएमएफ, म्हणजे चाक फिरल्यामुळे वाइंडिंगमध्ये तयार होणारा व्होल्टेज, साधारण 27 व्होल्ट, म्हणजे ताशी 1 किमीला जेमतेम 1.4. ऑब्झर्व्हर एवढ्यावरून रोटरचा कोन काढणार, आणि त्यासाठी आधी वाइंडिंगमधला ड्रॉप वजा करणार. फेजचा रेझिस्टन्स 0.1 ओहम धरला तर 30 अँपिअरला तो 3 व्होल्ट. तांबं 25 वरून 100 अंशांवर गेलं की रेझिस्टन्स 29 टक्के वाढतो, म्हणजे 0.9 व्होल्टची चूक इथेच. 20 किलोहर्ट्झला अर्ध्या मायक्रोसेकंदाचा डेड टाइम (वरचा-खालचा मॉसफेट दोन्ही बंद असतात तो क्षण) आणखी अर्धा व्होल्ट खातो. सिग्नल दीड व्होल्टचा आणि चूकही तेवढीच.

त्यात ही चूक करंटच्याच दिशेनं असते. कोन चुकला असला तरी ऑब्झर्व्हरला बॅक ईएमएफ करंटच्या दिशेनंच दिसतो आणि आपला कोन बरोबर आहे असं तो धरून चालतो. गेन बदलून हे सुटणार नाही. चाक थांबलेलं असेल तर बॅक ईएमएफच नाही, मग मोजणार काय?

छताचा बीएलडीसी पंखा सेन्सरशिवाय चालतो, कारण त्याचा लोड वेगाच्या वर्गानुसार वाढतो. सुरुवातीला जवळपास काहीच नसतो. इन्व्हर्टर एसीचा कंप्रेसरही दोन्ही बाजूंचं प्रेशर समान झाल्यावरच सुरू करतात. तिथं आंधळेपणानं फिल्ड फिरवून वेग घेता येतो. तुमच्या गाडीला शून्य वेगालाच सगळा लोड, त्यामुळे ती युक्ती इथं टिकत नाही.

गाडीवाला_सातारा
मग हाय फ्रिक्वेन्सी इंजेक्शन (मोटरमध्ये वेगानं बदलणारा छोटा व्होल्टेज सोडून करंटचा प्रतिसाद पाहणं)? त्यानं उभ्या चाकाचाही कोन कळतो असं वाचलंय.

ड्राइव्हकाका
कळतो, पण रोटरच्या दिशेनुसार इंडक्टन्स (करंटच्या बदलाला वाइंडिंगचा विरोध) बदलत असेल तरच. चुंबकं रोटरच्या आत पुरलेली असली की हा फरक भरपूर मिळतो. हब मोटरची चुंबकं पृष्ठभागावर चिकटवलेली असतात. घरीच तपासा: एलसीआर मीटर (इंडक्टन्स मोजणारं) 1 किलोहर्ट्झला लावा, दोन फेजमध्ये धरा आणि चाक हळूहळू सरकवा.

गाडीवाला_सातारा
मोजलं काका. कमीत कमी 212, जास्तीत जास्त 221 मायक्रोहेन्री.

ड्राइव्हकाका
म्हणजे चार टक्के. लोडचा करंट वाहायला लागला की वाइंडिंग गुंडाळलेले लोखंडी दात सॅच्युरेट होऊन (चुंबकत्वानं पुरते भरून) हा एवढासा फरकही जागचा हलतो. यावर दीडशे किलो चढवू नका. शिवाय इंडक्टन्सवरून उत्तर आणि दक्षिण ध्रुव ओळखू येत नाहीत, त्यासाठी वेगळा पल्स द्यावा लागतो.

माझं स्पष्ट मत: हॉल परत बसवा. ते कोन 60 अंशांच्या टप्प्यांतच सांगतात, पण उभ्या चाकाला खरं सांगतात. ताशी 4 किमीच्या वर ऑब्झर्व्हरला ताबा द्या, 3 च्या खाली आला की पुन्हा हॉलला. दोन्ही आकडे एकच ठेवलेत तर त्या वेगाला गाडी हिसके देत राहील. वरच्या वेगाला हॉल आणि ऑब्झर्व्हरचे कोन ताडून पाहत राहा. एखादा हॉल मेला तर तिथंच समजेल आणि गाडी रस्त्यात अडणार नाही.

सोल्डर_पुणे
पटलं. पाण्याचं काय पण?

ड्राइव्हकाका
हॉलच्या बोर्डावर कन्फॉर्मल कोटिंगचे (सर्किटला ओलाव्यापासून वाचवणारा पातळ लेप) दोन हात द्या, एक्सलचं वायरीचं भोक न्यूट्रल क्युअर सिलिकॉननं भरा. आंबट वास येणारं नको, त्यानं तांबं खातं. आणि वायर एक्सलमधून बाहेर आली की आधी खाली झोळ देऊन मग वर न्या, पाणी झोळातूनच गळून जाईल.