शेड्यूल सोपं होतं, मान्य, पण...

काही जण म्हणतात की अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या इंडियाना विद्यापीठाच्या टीमचा २०२४ चा सीझन म्हणजे नुसती सोप्या शेड्यूलची कृपा. अर्धंच पटलं. ओहायो स्टेटने ३८-१५ धुतलं हे खरं, पण हीच टीम २०२३ ला ३-९ होती हो (३ विजय, ९ पराभव), आणि नवा कोच सिग्नेटी आल्या आल्या ११-२, कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदाच दहाच्या वर विजय! सोप्या टीम्सशीसुद्धा हरायची सवय होती यांना.

खरी गोम ट्रान्सफर पोर्टलमध्ये आहे, म्हणजे खेळाडूंना एका कॉलेजातून दुसऱ्यात जाऊ देणाऱ्या यंत्रणेत. गडी जेम्स मॅडिसन या आपल्या आधीच्या विद्यापीठातून येताना डझनभर पोरं सोबतच घेऊन आला, फिशर, सॅरॅट, पाँड्स, कमारा वगैरे, म्हणजे त्याची सिस्टीम तोंडपाठ असलेले लोक पहिल्या दिवसापासून मैदानात. नेब्रास्काला ५६-७ चोपलं त्या मॅचमध्ये क्वार्टरबॅक (पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) रूर्कचा अंगठा दुखावला, तरी पुढच्या आठवड्यात बॅकअप जॅक्सनला घेऊन वॉशिंग्टनला ३१-१७ हरवलंच की.

मला राग आहे तो नोत्र दाम विद्यापीठाविरुद्धच्या प्लेऑफ (सीझनअखेरची बाद फेरी) मॅचचा. चौथा म्हणजे शेवटचा क्वार्टर, १७ ने मागे, आणि हा सिग्नेटी बाबा पंट करतो, म्हणजे लाथ मारून बॉल समोरच्यांना देऊन टाकतो?? एरवी 'मी जिंकतो, गूगल करा' म्हणणारा माणूस! शेवटी २७-१७ दिसतं, पण त्यातले इंडियानाचे दोन टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपार नेऊन मिळवलेले गुण) मॅच हातातून गेल्यावरचे आहेत.